पैशांतला विमा

शनिवार-रविवार रत्नागिरी. रेल्वेचं तिकीट काढताना नेहमीचा प्रश्न: प्रवास विमा हवा का? हप्ता रुपयाच्याही आत, तरी हात अडला. दोन दिवसांसाठी कशाला, च्यायला?

मग शोधाशोध केली. लंडनच्या रेल्वे पॅसेंजर्स ॲश्युरन्स कंपनीने १८४९ मध्ये, म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावायच्या चार वर्षं आधी, तिकिटासोबत अपघात विमा विकायला काढला. पहिल्या वर्गाला ३ पेन्स, मृत्यू झाल्यास १००० पौंड. तिसऱ्या वर्गाला १ पेनी, २०० पौंड. डब्यागणिक जिवाची किंमत! आपल्याकडे २०१६ मध्ये ९२ पैशांत हा विमा आला, तेव्हा मात्र स्लीपर असो की एसी, सगळ्यांना १० लाखच.

केलं बाबा टिक. नंतर आलेल्या लिंकवर नॉमिनीचं नाव भरायचं होतं. आईचं टाकलं. तिला सांगितलं नाही.