तबकडीवरचें नांव

ग्रामोफोनची तबकडी हातांत घेतली म्हणजे तिच्या मध्यभागीं चिकटविलेल्या वाटोळ्या कागदावर दोनचार नांवें वाचावयास मिळतात. गायकाचें नांव ठळक असतें, गीतकाराचें बारीक, आणि निर्मात्याचें असलेंच तर सर्वांत खालीं. वस्तुतः कोणतें गीत घ्यावें, तें कोणाच्या गळ्याला शोभेल, साथ कोणती असावी आणि दहा वेळां गाऊन झाल्यावर कोणता प्रयत्न पसंत करावा, हें सारें निर्माताच ठरवीत असतो. अमेरिकेंतील सिल्व्हिया रॉबिन्सनबाई ह्या अशाच एक निर्मात्या होत्या. हिप-हॉप ह्या नांवानें आज जगभर परिचित असलेलें संगीत न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतून उचलून तबकडीवर आणण्याचें श्रेय मुख्यतः त्यांच्याकडे जातें. परंतु श्रेय हा शब्दच त्यांच्या चरित्रांत मोठा अवघड आहे.

हार्लेम ही न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांची विख्यात वस्ती. तेथें जन्मलेल्या सिल्व्हिया व्हँडरपूल ह्या मुलीचा आवाज १९५० च्या सुमारास, तिच्या शाळकरी वयांतच, 'लिटल सिल्व्हिया' ह्या नांवानें प्रथम मुद्रित झाला. पुढें मिकी बेकर ह्या कसलेल्या वादकापाशीं त्या गिटार शिकल्या, आणि ही गुरुशिष्यांची जोडी 'मिकी अँड सिल्व्हिया' म्हणून गाऊं लागली. १९५६ सालीं निघालेल्या त्यांच्या 'लव्ह इज स्ट्रेंज' ह्या गाण्यानें कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडीच्या यादींत पहिलें स्थान मिळविलें. पडद्यामागील कामाची वंचना मात्र त्यांनीं दुसऱ्याच एका प्रसंगीं अनुभवली. आइक व टीना टर्नर ह्या दांपत्याचें १९६१ मधील एक गाजलेलें गाणें आपण बसविलें, त्यांत गिटारहि आपणच वाजविली, परंतु निर्माती म्हणून आपलें नांव कोठेंच आलें नाहीं, असें त्या पुढें सांगत असत.

जो रॉबिन्सन ह्यांच्याशीं विवाह झाल्यावर पतिपत्नींनीं न्यू जर्सी राज्यांतील एंगलवूड येथें बिऱ्हाड केलें आणि १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत 'ऑल प्लॅटिनम' ही कंपनी काढली. संगीताची बाजू बाईंनीं सांभाळली. 'द मोमेंट्स' ह्या गायकत्रयीचें 'लव्ह ऑन अ टू-वे स्ट्रीट' हें १९७० चें गाणें त्यांनीं एका सहकाऱ्यासमवेत रचलें व घडविलें. तें देशाच्या मुख्य यादींत तिसऱ्या क्रमांकावर गेलें. 'पिलो टॉक' हें गीत त्यांनीं अल ग्रीन ह्या गायकासाठीं केलें होतें. त्यानें तें नाकारलें, तेव्हां स्वतः गाऊन १९७३ मध्यें त्यांनीं तेंच तिसरें स्थान मिळविलें.

त्याच वर्षीं, हडसन नदीच्या पलीकडे, एका निराळ्याच कलेचा आरंभ होत होता. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील भाडेकरूंच्या एका इमारतींत ११ ऑगस्ट १९७३ रोजीं एक मेजवानी झाली. तेथें कूल हर्क ह्या जमेकांतून आलेल्या तरुणानें तबकड्या वाजविल्या. गाण्यांत गायन थांबून केवळ ताल उरतो तो तुकडा नाचणाऱ्यांना फार आवडतो, हें त्यानें हेरलें होतें. म्हणून दोन यंत्रांवर तो तुकडा आळीपाळीनें लावून त्यानें तो लांबविला. पुढें ह्या लांबविलेल्या तालावर यमकबद्ध बोल म्हणण्याची चढाओढ लागली. हाच रॅप. हे बोल मैफलींत जन्मत आणि फार तर एखाद्या कॅसेटींत उरत. कोणते बोल कोणाचे हें त्या वर्तुळांत सर्वांस ठाऊक असे, त्यामुळें कागदावर नांव घालण्याची गरजच कोणास भासली नव्हती.

१९७९ सालीं 'ऑल प्लॅटिनम' आर्थिक अडचणींत होती. त्या सुमारास हार्लेममधील एका नृत्यगृहांत बाईंनीं तालावर बोल म्हणणारा तरुण ऐकला व त्याला टाळ्या देणारा समुदाय पाहिला. हें तबकडीवर उतरलें पाहिजे, असें त्यांच्या मनानें घेतलें. मुलाच्या मदतीनें त्यांनीं एंगलवूड येथें तीन तरुण गांठले; त्यांतला हँक नांवाचा एक जण पिझ्झाच्या दुकानांत काम करीत होता. तिघांचें मिळून 'शुगरहिल गँग' असें नांव ठेवण्यांत आलें. शुगर हिल हें हार्लेममधील सधन मोहल्ल्याचें नांव. तेंच बाईंनीं नव्या कंपनीसहि दिलें. 'शीक' ह्या वाद्यवृंदाच्या 'गुड टाइम्स' ह्या गाण्यांतील बेस गिटारची चाल तरुण वादकांकडून सुमारें पाव घटका नव्हे, तर चांगलीं पंधरा मिनिटें अखंड वाजवून घेतली, आणि तीवर तिघांनीं बोल म्हटले. सप्टेंबर १९७९ मध्यें 'रॅपर्स डिलाइट' बाहेर पडलें. एवढें लांब गाणें रेडिओवाले लावणार नाहींत हा व्यवहारी शहाणपणा फोल ठरला. मुख्य यादींत तें छत्तिसाव्या क्रमांकापर्यंत गेलें, आणि इंग्लंडांत तिसऱ्या.

यशामागोमाग हिशेब आला. 'शीक'चे नाइल रॉजर्स व बर्नार्ड एडवर्ड्स ह्यांनीं कायद्याचा धाक घातला, तेव्हां त्यांचीं नांवें रचनाकार म्हणून घालण्यांत आलीं. परंतु ब्राँक्समधील ग्रँडमास्टर कॅझ ह्या कवीपाशीं वकील नव्हता. हँकनें म्हटलेले बोल कॅझच्या वहींतले होते. त्यांबद्दल त्याला ना श्रेय मिळालें, ना मोबदला. आपल्याकडील शाहीर कवनाच्या अखेरीस नाममुद्रा घालतो, तशी कॅझनेंहि आपल्या बोलांत 'कॅसानोव्हा फ्लाय' हें आपलें त्या वेळचें नांव अक्षरशः गुंफलें होतें. हँकनें तें बदलण्याची तसदीहि घेतली नाहीं. चोरीच्या भांड्यावर मूळ मालकाचें नांव कोरलेलें असावें, आणि तेंच भांडें बाजारांत मिरवावें, तसा हा प्रकार झाला. निर्माती म्हणून बाईंनीं ह्याची दाद घेतली नाहीं. ज्या वंचनेचें दुःख त्यांनीं स्वतः भोगलें होतें, तीच त्यांच्या छपराखालीं दुसऱ्याच्या वाट्यास आली.

तथापि त्यांच्या कानाची पारख नाकारतां येणार नाहीं. 'द सीक्वेन्स' ह्या तीन मुलींच्या रॅपची तबकडी त्यांनीं १९७९ मध्येंच काढली. १९८२ मधील 'द मेसेज' ची कथा तर विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कंपनीचा तालवादक एड फ्लेचर ह्यानें पडक्या वस्तींतील दैन्य, कर्ज आणि भीति ह्यांवर एक रचना केली होती. ग्रँडमास्टर फ्लॅश व त्याचे साथीदार ती घेण्यास राजी नव्हते. नाचावयास येणाऱ्यांना दुःख कोण ऐकवील, असा त्यांचा प्रश्न. बाई हटल्या नाहींत. अखेर फ्लेचर व मेली मेल ह्यांच्याच आवाजांत ती मुद्रित झाली, आणि तबकडीवर नांव मात्र फ्लॅशच्या मंडळींचें आलें. मौजेचें मानलेलें रॅप सामाजिक वेदनेचें वाहन होऊं शकतें, हें त्या एका तबकडीनें दाखवून दिलें.

पुढें उतरती कळा लागली. १९८३ मध्यें फ्लॅशनें मानधनासाठीं न्यायालयांत धाव घेतली. त्याच सुमारास रन-डीएमसी ह्यांच्यासारखे तरुण यंत्राच्या तालावर गाऊं लागले, आणि बाईंचा जिवंत वाद्यवृंद जुना वाटूं लागला. १९८५-८६ च्या सुमारास कंपनी बंद पडली. २००२ मध्यें एंगलवूडचा मुद्रणकक्ष आगींत नष्ट झाला. २९ सप्टेंबर २०११ रोजीं बाईंचें निधन झालें. २०२२ मध्यें रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम ह्या संस्थेनें त्यांना मरणोत्तर गौरविलें.

अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करण्यासाठीं २००२ मध्यें 'द मेसेज' निवडलें, व २०११ मध्यें 'रॅपर्स डिलाइट'. बाईंचा कान नसता, तर हे बोल ब्राँक्सच्या हवेंत विरून गेले असते. हें ऋण कॅझच्या पिढीवरहि आहे. कॅझचें ऋण मात्र बाईंनीं फेडलें नाहीं. कागदावर त्याचें नांव नाहीं. परंतु ती तबकडी जेथें जेथें वाजते, तेथें हँकच्या तोंडून तें नांव आजहि अक्षर-अक्षर उच्चारलें जातें.