चरीचा संप आणि सदनिकेचा हक्क

नुसत्या हक्काने भागत नाही. तो कागदावर चढावा लागतो. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसणे थांबवले. कूळ म्हणून नोंद व्हावी, ही एक प्रमुख मागणी. सहा वर्षे त्यांनी हाल सोसले. १९३९ साली कूळकायदा झाला.

आज त्याच किनाऱ्यावर इमारती उठत आहेत. सदनिकेचे पैसे आपण भरतो, खालची जमीन मात्र पुष्कळदा बिल्डरच्याच नावावर राहते. ती संस्थेच्या नावे करून देणे १९६३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याने टाळले, तर २००८ च्या दुरुस्तीनुसार जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरण मागता येते.

एकट्या कुळाला खोत जुमानत नसे, हे आम्ही चळवळीतली माणसे विसरत नाही. म्हणून आधी संस्था नोंदवा, मग खरेदीखत मागा.