दिंडोरी : द्राक्षे आणि वाइन

दिंडोरी हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव नाशिकच्या उत्तरेस सुमारे २५ किमी.वर, कळवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराजांनी वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाच्या मोगल फौजेचा पराभव केला, म्हणून इतिहासाला हे नाव ठाऊक आहे. भाविकांसाठी ते सप्तशृंगगडाच्या वाटेवरचे गाव. गेल्या पाव शतकात मात्र हे नाव वाइनच्या बाटलीवर छापले जाऊ लागले. भारतातल्या फार थोड्या गावांच्या वाट्याला हे आले आहे.

तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर, पूर्वेला कादवा नदीचे मोकळे खोरे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. किंवा अधिक उंची असल्याने हिवाळ्याच्या रात्री चांगल्याच गारठतात. दिवसा कोरडे, स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी, यामुळे मण्यात साखर भरते, पण आंबटपणा पार जात नाही. वाइनला दोन्ही हवे असतात. पाण्याचा आधार करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड या धरणांचा. त्यांपैकी वाघाडचे पाणीवाटप शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्वतः सांभाळतात. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रातून उभे केलेले हे काम द्राक्षबागांच्या भरभराटीइतकेच मोलाचे आहे.

इथल्या वाइनचे खरे वेगळेपण तिच्या दिनदर्शिकेत आहे. फ्रान्समध्ये वेल हिवाळाभर झोपतो, वर्षातून एकदा मुख्य छाटणी होते आणि पीक साधारण सप्टेंबरात निघते. दिंडोरीत वेलाला अशी झोप मिळत नाही, त्यामुळे त्याला दोनदा छाटावे लागते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी. पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड याच काळात काडीवरच्या डोळ्यांत घडतात. फळासाठीची गोडी छाटणी पावसाळा ओसरत आला की, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. तोडणी जानेवारी ते मार्च या काळात, म्हणजे युरोपातले वेल निष्पर्ण असताना. छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला तर डाउनी हा बुरशीचा रोग घुसतो, पुढे भुरी या दुसऱ्या बुरशीची धास्ती. फवारणीचे एक-दोन दिवस चुकले तरी घड हातचे जाऊ शकतात.

खाण्याच्या द्राक्षाची आणि वाइनच्या द्राक्षाची बाग लांबूनही ओळखू येते. थॉमसन, सोनाका या खाण्याच्या जाती मांडवावर किंवा इंग्रजी वाय आकाराच्या आधारावर चढतात. त्यांची विरळणी होते, मणी फुगावा म्हणून संजीवकात घड बुडवतात. वाइनचे वेल उभ्या तारांवर कुंपणासारखे धरलेले असतात आणि मणी मुद्दाम बारीक ठेवला जातो, कारण रंग व वास सालीत असतो. शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों या इथल्या प्रमुख जाती. त्यांतली शेनिन मूळची फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली. दिंडोरीत ती फळांचा स्वाद अधिक असलेली, मऊ वाइन देते.

राजीव सामंत यांनी गंगापूर धरणालगत १९९७ मध्ये वेल लावून सुला व्हिनयार्ड्सची सुरुवात केली. पहिली वाइन २००० मध्ये आली, आणि २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाइनऱ्यांना बळ दिले. 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ' हे सुलाच्या लाल वाइनचे नाव या तालुक्यावरूनच आले. मोएट हेनेसी या फ्रेंच कंपनीने शांदों ही फसफसती वाइन २०१३ मध्ये भारतीय बाजारात आणली आणि वाइनरीसाठी दिंडोरीच निवडली. पद्धत शॅम्पेनसारखीच, दुसऱ्यांदा बाटलीत आंबवण्याची. पण शॅम्पेन हे नाव त्याच नावाच्या फ्रेंच प्रदेशाबाहेरच्या वाइनला मिळत नाही.

वाइनरीला माल देणारा शेतकरी बहुधा कराराने लागवड करतो. दर आधी ठरलेला असल्याने खाण्याच्या द्राक्षाच्या बाजारातली घसरण त्याला झेलावी लागत नाही, मात्र तेजीही हाती लागत नाही. २००८ नंतरच्या मंदीत वाइनऱ्यांची उचल थांबली, तेव्हा नाशिक जिल्ह्यात अनेकांनी वाइनच्या बागा उपटल्या. ज्यांनी राखल्या त्यांच्या धीरावर आजचा व्यवसाय उभा आहे, आणि दिंडोरीच्या कोणत्याही वर्णनात त्यांचा उल्लेख वाइनरीच्या आधी यायला हवा.

इथल्या वाइनचे भौगोलिक मानांकन 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाने आहे. दिंडोरीची स्वतंत्र हद्द त्यात आखलेली नाही. बर्गंडीत शेजारशेजारच्या गावांच्या वाइनला वेगवेगळी कायदेशीर नावे मिळतात. इथे कादवाकाठची काळी जमीन आणि डोंगरउताराची मुरमाड जमीन यांतला फरक शेतकऱ्याला पक्का माहीत आहे. बाटलीवरच्या लेबलात तो अजून उतरलेला नाही.