फर्माची सहावी संख्या

४२९४९६७२९७ ही संख्या वाचकांनीं एकदां उच्चारून पाहावी: चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशें सत्याण्णव. उच्चारांत कांहीं विशेष नाहीं. परंतु एका थोर गणितज्ञाचें अनुमान हिनें धुळीस मिळविलें.

पीएर फर्मा हा तूलूझच्या न्यायसभेचा सल्लागार. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. इ. स. १६४० मध्यें त्यानें पत्रानें कळविलें कीं, दोनापासून आरंभ करून वर्ग करीत जावें व प्रत्येक वेळीं एक मिळवावा, म्हणजे अविभाज्य संख्याच येते. ३, ५, १७, २५७, ६५५३७ येथपर्यंत तें खरेंही आहे. सहावी संख्या ती वरील. आपणाजवळ सिद्धता नाहीं हें त्यानें लपविलें नाहीं. श्रद्धा मात्र दृढ होती.

१७२९ सालीं गोल्डबाखनें पत्रद्वारां हा प्रश्न तरुण ऑयलरपुढें टाकला. १७३२ मध्यें ऑयलरनें सांगितलें, या संख्येस ६४१ नें भाग जातो, भागाकार ६७००४१७. तेव्हां त्यानें केवळ उत्तर दिलें, रीत मागाहून उलगडली. आंधळेपणानें शोधूं जातां ६५५३६ च्या आंतील ६५४२ अविभाज्य संख्या तपासाव्या लागतील. परंतु हिचा कोणताही अविभाज्य भाजक ६४ च्या पटींत एक मिळवून येणाराच असला पाहिजे. तशा अविभाज्य संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पांचव्या खेपेसच काम झालें!

ज्यांना ऑयलरच्या शब्दावर विसंबावयाचें नसेल त्यांनीं पेन्सिल घ्यावी. ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. तसेंच ५ गुणिलें १२८, अधिक १. आतां २ चा बत्तिसावा घात म्हणजे १६ गुणिलें २ चा अठ्ठाविसावा घात. त्या १६ च्या जागीं ६४१ उणे ६२५ लिहावें. पहिल्या पदास ६४१ नें भाग जातोच. वजा होणारें दुसरें पद म्हणजे ६४० चा चौथा घात. ६४० हा ६४१ हून एकानेंच उणा, म्हणून त्याच्या चौथ्या घातास ६४१ नें भागतां बाकी एक उरते. ती वजा होते, आणि संख्येच्या शेवटचा एक ती भरून काढतो. वर्गांत हें फळ्यावर मांडलें म्हणजे मागच्या बांकांवरील विद्यार्थीही मान वर करितात, असा आमचा अनुभव आहे.

आम्हांस नवल वाटतें तें निराळेंच. ६४ ची ती अट फर्माच्या स्वतःच्याच प्रमेयांतून निघते. आणि त्याच १६४० सालीं, त्याच रीतीनें, २ च्या सदतिसाव्या घातांतून एक वजा करून येणाऱ्या संख्येचा भाजक २२३ त्यानें शोधून काढिला होता. हत्यार हातांत होतें, तें आपल्या लाडक्या अनुमानावर मात्र त्यानें चालविलें नाहीं, किंवा चालवितांना कोठें तरी हिशोब चुकला. आमचा कौल पहिल्या पक्षाकडे झुकतो.

६५५३७ च्या पुढें या मालिकेंत अविभाज्य संख्या आजवर एकही सांपडलेली नाहीं. सातवीचा भाजक २७४१७७ हा १८८० मध्यें लांद्री यानें शोधिला. तेव्हां त्याचें वय ८२ वर्षांचें होतें.