मोडेमच्या पोटातली तारीख

महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांचा एसटीडी कोड एकच आहे, 02168. खाली वाईचा 02167, साताऱ्याचा 02162. या आकड्यांभोवती तालुक्यातल्या दूरध्वनीचा इतिहास सहज रचता येतो: ट्रंक कॉल लावून ताटकळणारे हॉटेलवाले, पिवळ्या पाट्यांचे बूथ, रविवारी घरी फोन करण्यासाठी रांग लावणारी पाचगणीच्या वसतिगृहांतली मुले. तसे लेखन झालेही आहे आणि ते वाचायला गोड वाटते. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या बारा-तेरा वर्षांबद्दल. त्याच तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड आले आणि टेलिफोनशेजारी लुकलुकणाऱ्या दिव्यांची एक डबी येऊन बसली, त्या काळाबद्दल. या डबीचा इतिहास कोणी लिहिलेला नाही, कारण ती जपून ठेवण्याजोगी वस्तू आहे असे कोणाला वाटले नाही.

मी संशोधक झालो तो मोडी कागदांमुळे. पदवी त्या विषयातली नाही, संगणकातलीही नाही. पण वाई-महाबळेश्वर भागात जुने दप्तर शोधत हिंडताना माळ्यावर कागदांच्या शेजारी हटकून एक गोष्ट सापडे, ती म्हणजे जुना मोडेम. बंद पडलेला, वायर गुंडाळलेली, वर धूळ. हॉटेलांच्या अडगळीतून, बंगल्यांच्या माळ्यांवरून आणि भंगारवाल्यांकडून असे तीसेक मोडेम आज माझ्याकडे जमले आहेत. ते विजेला जोडून संगणकावर 192.168.1.1 हा पत्ता उघडला की पुष्कळांचे पोट अजून उघडते. आत फर्मवेअरची आवृत्ती आणि बहुधा ती तयार झाल्याची तारीख असते. फर्मवेअर म्हणजे त्या डबीतल्या चिपवर कायमची लिहिलेली आज्ञावली. संगणकातला प्रोग्रॅम आपल्याला दिसतो, हा दिसत नाही. पण तो नसेल तर ती डबी म्हणजे नुसते प्लास्टिक.

मोडेमने ठेवलेली नोंदवही, म्हणजे लॉग, वाचताना मला मोडीचीच आठवण झाली. मराठी कागदांवर सुहूर सन असतो, फसली असतो, आणि त्यावरून इंग्रजी तारीख काढताना घाम फुटतो. मोडेमची गंमत याहून न्यारी. त्यात घड्याळाची बॅटरी नसते. वीज जाऊन आली की त्याचे घड्याळ मुळारंभाला जाते: कुणाचे 1 जानेवारी 1970 ला, कुणाचे 1 जानेवारी 2000 ला. इंटरनेट जोडले गेले तरच पुढे खरी वेळ मिळते. त्यामुळे पानेच्या पाने 1 जानेवारी 1970 च्या पहिल्या चार मिनिटांत घडलेली दिसतात. बाकी काही कळले नाही तरी एवढे नक्की कळते, की इथे वीज फार वेळा जात होती आणि लाइन फार वेळा तुटत होती.

हे होणारच होते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे आणि वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस झेलते, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. पावसापासून भिंती वाचवायला गवताचे आवरण बांधण्याची रीत जिथे पडली, तिथे जमिनीतल्या तांब्याच्या केबलची काय कथा? केबलमध्ये पाणी शिरू नये म्हणून आत जेली भरलेली असते. पण जोड हा जोडच. त्यात ओल गेली की दोन तारांमध्ये गळती सुरू होते. टेलिफोन तरीही चालतो. खरखर येते, पण बोलणे कळते. माणसाचा आवाज चार किलोहर्ट्झच्या आत मावतो. ब्रॉडबँडची एडीएसएल2+ ही पद्धत मात्र त्याच जोडीवर 2.2 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरते. त्या पट्ट्याचे 512 बारीक भाग पाडून प्रत्येकावर किती माहिती लादायची हे मोडेम आणि एक्स्चेंजमधला डीस्लॅम आपसात ठरवतात. ही घासाघीस करणारा दोन्ही टोकांचा दलाल म्हणजे फर्मवेअरच. ओल वाढली की सौदा मोडतो आणि पहिल्यापासून बोलणी सुरू होतात. अंतर हा दुसरा शत्रू. बाजारपेठेपासून क्षेत्र महाबळेश्वर सहाएक किलोमीटर. तांब्याच्या एका जोडीवरून ब्रॉडबँड एवढे लांब नेणे जवळजवळ अशक्यच.

ही विद्या मुळात अमेरिकेतली. बेलकोर या संस्थेत जोसेफ लेकलायडर यांनी 1980 च्या दशकात असे मांडले, की घराकडे येणारा वेग जास्त आणि घरातून जाणारा कमी ठेवला तर जुन्या तारेवरही मोठा वेग मिळेल. आपल्याकडे ते यायला वीस वर्षे लागली. ऑक्टोबर 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे ठरवले आणि 2010 पर्यंत 2 कोटी ग्राहकांचे उद्दिष्ट ठेवले. 14 जानेवारी 2005 रोजी, संक्रांतीच्या दिवशी, बीएसएनएलची डेटावन सेवा सुरू झाली. रात्री दोन ते सकाळी आठ फुकट, अशी एक योजना पुढे फार लोकप्रिय झाली, आणि कित्येक घरांत मोडेम त्या वेळेसाठीच रात्रभर जागे राहू लागले. 1 जानेवारी 2007 पासून वेग 2 एमबीपीएसपर्यंत वाढला. घरातली डबी तीच होती, तरी वेग आठ पट.

त्या डबीचा मालक कोण, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणी विचारला नाही.

मोडेम भाड्याने घेता येई किंवा विकत. यूटीस्टारकॉम, हुआवे, नोकिया सीमेन्स, टेराकॉम अशी नावे त्यांवर असत. बनवणाऱ्याने तो निविदेतून दूरसंचार कंपनीला विकलेला असे, ग्राहकाला नव्हे. ग्राहकाला फर्मवेअर हा शब्दच ठाऊक नाही. कंपनीच्या लेखी, मोडेम एकदा घरात गेला की तो घरातला. दरम्यान बनवणारेही बदलत गेले. नोकिया सीमेन्स नेटवर्क्सने 2012 मध्ये आपला ब्रॉडबँड ॲक्सेसचा व्यवसायच अमेरिकेतल्या ॲडट्रान कंपनीला विकला. एक्स्चेंजमधल्या डीस्लॅमला निदान एक मालक होता. त्याच्या कार्डांचे फर्मवेअर बदलायचे तर रात्री गर्दी नसताना काम करता येई आणि थोडा वेळ सगळ्यांच्या लाइनी पडत, एवढेच. घरातल्या मोडेमला मात्र नवे फर्मवेअर द्यायला कोणी वालीच नव्हता.

दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मी याबद्दल विचारले. ते म्हणाले, "साहेब, चालतंय न्हवं? मग कशाला हात लावायचा?" त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. फर्मवेअर बदलताना चिपवरचे जुने आधी पुसले जाते आणि मग नवे लिहिले जाते. त्या दोन-तीन मिनिटांत वीज गेली तर मोडेम डेड. साध्या मोडेममध्ये जुनी प्रत बाजूला राखून ठेवण्याइतकी जागाच नसे. सगळी चिप दोन किंवा चार मेगाबाइटची. जुलैत महाबळेश्वरला वीज पाच मिनिटे टिकेल याची हमी कोण देणार? मग गिऱ्हाइकाला नवा मोडेम आणून द्यायचा कोणी? या गृहस्थांनी तरीही काही मोडेमवर नवे फर्मवेअर चढवले होते. पेन ड्राइव्ह आणि स्वतःचा लॅपटॉप घेऊन, यूपीएस असलेल्या हॉटेलांत, ऑक्टोबरनंतर. सरकारी नोंदीत याचा पत्ता लागणार नाही. त्या मोडेमांच्या पोटातच काय तो पुरावा आहे.

आता मी या लेखाच्या गाभ्याकडे येतो. डिसेंबर 2014 मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने जाहीर केले, की रॉमपेजर नावाच्या एका छोट्या वेब सर्व्हरमध्ये मोठे भोक आहे आणि 189 देशांतल्या किमान 1 कोटी 20 लाख उपकरणांत तो बसलेला आहे. मोडेमचे सेटिंगचे पान आपल्याला दाखवतो तो हाच सर्व्हर. भोक पडले 2002 मध्ये आणि मूळ कंपनीने ते बुजवले 2005 मध्ये. म्हणजे आपल्याकडे पहिला डेटावन मोडेम लागला त्याच वर्षी औषध तयार होते. पण चिप बनवणारे, डबी बनवणारे, विकणारे या साखळीतून ते खाली झिरपलेच नाही आणि नवे मोडेमही जुन्याच रोगासह निघत राहिले. माझ्याकडच्या एका मोडेमची बाह्य आवृत्ती बरीच नंतरची आहे; आत रॉमपेजर तीच, 4.07. वरचे वेष्टन नवे, आतला कागद जुना. अशी दप्तरे मी मोडीतही पाहिली आहेत.

फर्मवेअर दुरून बदलता यावे म्हणून डीएसएल फोरमने मे 2004 मध्ये टीआर-069 नावाची पद्धत ठरवून दिली होती. तिच्यासाठी मोडेम 7547 क्रमांकाचे दार उघडे ठेवतो. औषध आत यायचे ते या दारातून; पण आधी आले ते चोर. 27 नोव्हेंबर 2016 रोजी जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांचे राउटर या दारावर झालेल्या हल्ल्याने गळाठले. तिथे कंपनीने लगेच नवे फर्मवेअर काढले आणि लोकांना सांगितले: प्लग काढा, थोडे थांबा, परत लावा.

आपली पाळी जुलै 2017 च्या अखेरच्या आठवड्यात आली. बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे मोडेम एकाएकी बंद पडू लागले. तेव्हा छापून आलेला आकडा साठ हजारांवर होता. ब्रिकरबॉट नावाच्या व्हायरसच्या कर्त्याने टोपणनावाने जबाबदारी घेतली. त्याचा दावा असा, की असुरक्षित उपकरणे दुसऱ्या कोणी गुलाम करण्याआधी आपण ती मारून टाकतो. मारायची पद्धत अशी: ठरलेल्या पासवर्डने आत शिरायचे आणि फर्मवेअर पुसून टाकायचे. बिनकामाच्या झालेल्या यंत्राला इंग्रजीत वीट म्हणतात, त्यावरून हे नाव. (आपल्याकडची वीट निदान विठोबाला उभे राहायला तरी उपयोगी पडली.) योगायोग असा, की जर्मनीतल्या हल्ल्याच्या आरोपीला कोलोनच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली तीही त्याच आठवड्यात, 28 जुलैला.

बीएसएनएलने ग्राहकांना सांगितले, की ज्यांनी 'ॲडमिन' हा मूळचा पासवर्ड बदललेला नाही त्यांचे मोडेम बाधित झाले, पासवर्ड बदला. हे खरेच होते. वर्तमानपत्रांनी मात्र त्यातून ग्राहकाचा निष्काळजीपणा हा निष्कर्ष काढला आणि आजही या घटनेबद्दल तेच लिहिले जाते. मला तो मान्य नाही, आणि त्याचे कारण आमच्या पावसात आहे.

लाइन तुटते. टेलिफोन चालू असतो, म्हणून दोष मोडेमवर येतो. मग घरातले कोणीतरी टाचणी घेऊन मागच्या छिद्रातले रिसेटचे बटण दाबून धरते. असे केले की सगळी सेटिंग पुसली जातात आणि व्हीपीआय 0, व्हीसीआय 35 पासून पुन्हा भरावी लागतात. लाइनमनना हे आकडे तोंडपाठ असत. पण त्याच क्षणी पासवर्डही पुन्हा 'ॲडमिन' होतो. कारण तो फर्मवेअरमध्येच लिहिलेला आहे, सगळ्या डब्यांना एकच. एखाद्याने जूनमध्ये दक्षतेने पासवर्ड बदलला असेल, तरी जुलैत तो पहिल्या जागी आलेला असणार. शिवाय दुरुस्तीला येणाऱ्याला आत शिरता यावे म्हणून तो तसाच राहू देणे सगळ्यांच्याच सोयीचे होते, जशी डीपीच्या पेटीची किल्ली सगळ्यांना लागू पडते. यावर खरा उपाय एकच होता: प्रत्येक डबीला वेगळा पासवर्ड देणारे आणि बाहेरचे दार बंद ठेवणारे नवे फर्मवेअर. ते ग्राहकाच्या हातात कधीच नव्हते. ज्याला आपल्या घरात कुलूप आहे हेच कोणी सांगितले नाही, त्याला किल्ली न बदलल्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही.

हल्ल्यानंतर दीड महिन्याने, सप्टेंबर 2017 मध्ये, दूरसंचार उपकरणांची तपासणी आणि प्रमाणन सक्तीचे करणारे नियम आले. ते या हल्ल्यामुळे आले असे म्हणणे धाडसाचे होईल. अशा नियमांना तयार व्हायला वर्षे लागतात. तोवर फायबर घाट चढून वर येतच होते. फायबरच्या डबीचे फर्मवेअर कंपनी परस्पर दुरून बदलू शकते, ग्राहकाला पत्ताही लागत नाही. बरे की वाईट, याचा विचार ज्याने त्याने करावा. भिलारच्या पुस्तकांच्या गावाचे उद्घाटन 2017 च्या मे महिन्यातले, म्हणजे हल्ल्याच्या अडीच महिने आधीचे. तिथे पुस्तके कपाटांत नीट मांडलेली पाहिली तेव्हा आपणही हे डबे नीट लावून ठेवावेत असे मला वाटले होते.

पण नुसते ठेवून भागत नाही. मोडेममधली फ्लॅश चिप आपली अक्षरे सांभाळते ती आतल्या विद्युतभारावर, आणि बनवणारे त्याची खात्री साधारण दहा ते वीस वर्षांचीच देतात. 2005 च्या मोडेमांची वीस वर्षे आता उलटली. कागदाला कसर लागते तशी खूणही इथे दिसणार नाही. एके दिवशी दिवे लागतील आणि पुढे काही होणार नाही. म्हणून सध्या मी एकेका मोडेममधल्या फर्मवेअरची प्रत काढून ठेवतो आहे. पावसाळ्यात डबे उघडत नाही. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की यूपीएसवर काम चालू करतो, दिवसाला एक. अंक हातात पडेल तोवर घरोघरची दिवाळीची साफसफाई उरकलेली असेल. तरीही माळ्यावर एखादा जुना मोडेम राहून गेला असेल, तर भंगारात देण्याआधी त्याच्या पाठीवरची चिठ्ठी जरूर वाचा, आणि रिसेटचे बटण तेवढे दाबू नका.