मार्डी

अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेल्व्हिल (१८१९–९१) ह्याची रूपकात्मक सागरप्रवास-कादंबरी. पूर्ण नाव मार्डी : अँड अ व्हॉयेज दिदर. मार्च १८४९ मध्ये लंडनला तीन खंडांत आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कला दोन खंडांत प्रसिद्ध झाली. प्रकरणे १९५.

मेल्व्हिल १८४१ मध्ये देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर खलाशी म्हणून निघाला आणि पुढच्या वर्षी मार्केझस बेटांवर जहाज सोडून पळाला. ह्या अनुभवांवरील टायपी (१८४६) आणि ओमू (१८४७) ही पुस्तके अनेकांना खरी वाटेनात. तेव्हा आता कल्पितच लिहावे, निदान ते तरी खरे मानले जाते का पाहावे, असे तो मार्डीच्या प्रस्तावनेत मिस्किलपणे म्हणतो.

निवेदक यार्ल ह्या वयस्क खलाशासह जहाजावरून होडीतून पळ काढतो. वाटेत बळी द्यायला नेल्या जाणाऱ्या यिल्ला ह्या तरुणीला तो पुजाऱ्याचा वध करून सोडवतो. मार्डी ह्या काल्पनिक द्वीपसमूहात तो ‘ताजी’ नावाचा देवांश म्हणून वावरतो. पण यिल्ला एकाएकी नाहीशी होते. राजा मीडिया, तत्त्वचिंतक बाबालांजा, कवी यूमी आणि बखरकार मोही ह्यांच्यासह तिचा शोध सुरू होतो. पुजाऱ्याचे मुलगे सूडासाठी मागावर असतात, तर हौतिया ही मायावी राणी दूतींकरवी फुलांच्या संकेतांनी त्याला बोलावत राहते.

येथून साहसकथा मागे पडते आणि नावेतला वादसंवाद हाच मुख्य विषय होतो. नियती व इच्छास्वातंत्र्य, आत्म्याचे अमरत्व, कीर्ती, काव्यनिर्मिती ह्यांवर चौघे वाद घालतात, पण निर्णय लागत नाही. बेटेही रूपके आहेत : डॉमिनोरा म्हणजे इंग्लंड, मारामा म्हणजे पुरोहितशाही, व्हिवेन्झा म्हणजे समतेचा घोष करीत गुलाम राबवणारी अमेरिका. प्रेमधर्माच्या सेरेनिया बेटावर बाबालांजाला समाधान लाभते व तो तेथेच राहतो. ताजी मात्र ते नाकारून अथांग समुद्रात पुढे जातो. यिल्ला सापडत नाही. पाठलागही संपत नाही.

वाचकांनी पुस्तकाला थंडा प्रतिसाद दिला. मेल्व्हिलने पैशांसाठी रेडबर्न (१८४९) आणि व्हाइट-जॅकेट (१८५०) झपाट्याने लिहिल्या. मार्डीतील रचना सैल आहे आणि चर्चा पाल्हाळिक. तरी खलाशी जीवनाला तत्त्वचिंतनाशी जोडण्याचा मेल्व्हिलचा पहिला मोठा प्रयत्न हाच. मोबी-डिक (१८५१) मध्ये तो सफल झाला. मार्डीत खोली आहे, पण लेखकाने तिच्यावर आणखी चिंतन करायला हवे होते, असे मत कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्नने १८५० मध्ये एका पत्रात नोंदवले. मोबी-डिक त्यालाच अर्पण केलेली आहे.