धुराची फुंकणी

आमच्या आळीच्या तोंडाशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. गणितात हा गडी पस्तिसाच्या वर कधी गेला नाही, पण शाळेची बंद पडलेली घंटा त्यानेच दुरुस्त केली होती, हे मी विसरलो नाही. यंदा श्रावणात मी तिथून जात असता त्याने हाक मारली आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू माझ्यापुढे धरली.

"गुरुजी, ओळखा पाहू."

मी म्हणालो, "शंख दिसतो. पण लोखंडाचा."

"टर्बो आहे. भंगारात मिळाला. आपल्या त्या जुन्या पेट्रोल गाडीला बसवणार."

ही जुनी गाडी म्हणजे त्याचे दुसरे बिऱ्हाड. रस्त्यावर ती निघत नाही, गॅरेजच्या आवारातच फिरते, आणि मिळकतीतला बराच भाग गिळते. बायको बोलते ते निराळेच. असो. त्या शंखाची गोष्ट मात्र त्याला ठाऊक नव्हती. मी कादंबऱ्या लिहिणारा मॅट्रिक मास्तर, मला यंत्रांतले काय कळणार? पण गोष्टीचा वास लागला की मला राहवत नाही.

चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या यंत्राचे मर्म समजायला वेळ लागणार नाही. लाकडे कितीही घाला, वारा नसेल तर नुसता धूर. मोटारीच्या इंजिनाचेही तसेच. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. हवा मात्र इंजिन आपल्या श्वासाने जेवढी ओढील तेवढीच. मग बाहेरून फुंकर घालावी, तर ती फुंकणी चालवायला इंजिनाचीच ताकद खर्च होते. इकडे नळीवाटे जो तापलेला धूर बाहेर पडतो, त्यात इंधनाच्या शक्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा फुकट जातो. तेव्हा त्या धुरानेच एक चक्र फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवावे, आणि त्याने इंजिनात हवा कोंबावी. चुलीच्या धुरानेच चूल फुंकायची!

ही कल्पना स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या एंजिनियराला सुचली. 1905 साली त्याने तिचे पेटंट घेतले, तेव्हा त्याचे वय सव्वीस. पण सुचणे निराळे आणि घडणे निराळे. निखाऱ्यासारख्या धुरात मिनिटाला हजारो फेरे घेणारे चक्र टिकावे, अशी धातू तेव्हा हाती नव्हती. डिझेल इंजिनाची ताकद या युक्तीने चाळीस टक्क्यांच्या वर वाढवून दाखवायला त्याला 1925 साल उजाडावे लागले. सव्विसाव्या वर्षी पाहिलेले स्वप्न शेहेचाळिसाव्या वर्षी हाती आले. मधल्या वीस वर्षांत त्याच्या घरी काय बोलणी झाली असतील, ती इतिहासात नाहीत.

मधल्या काळात महायुद्ध झाले, आणि विमानांनी ही फुंकणी उचलली. उंचावर हवा विरळ. इंजिनाला धाप लागते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस याने 1918 साली एक लिबर्टी इंजिन मालमोटारीवर चढवून कोलोराडोतल्या पाइक्स पीक डोंगराच्या माथ्यावर, चौदा हजार फुटांवर, नेले. समुद्रसपाटीला साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन एरवी तिथे अर्धमेले व्हायचे. टर्बो लावताच त्याने खालच्याइतकीच, किंबहुना किंचित अधिक ताकद दिली. पुढे 1920च्या फेब्रुवारीत श्रोडर नावाच्या वैमानिकाने असेच इंजिन लावून तेहतीस हजार फुटांवर विमान नेले. इंजिनाला हवा पुरली, माणसाला पुरली नाही. त्याचा प्राणवायू संपला, शुद्ध हरपली, विमान मैलोगणती खाली कोसळत आले. जमिनीजवळ तो सावध झाला आणि थंडीने डोळे गोठलेल्या स्थितीत त्याने विमान उतरवले. इंजिनाला मिळालेली शक्ती तिच्यामागे बसलेल्या माणसाला पेलावी लागते, हे पुढे मोटारीतही दिसले.

जहाजे झाली, विमाने झाली, मालमोटारी झाल्या. घरच्या मोटारीची पाळी आली 1962 साली, आणि ती एकाच घराण्यातल्या दोन बहिणींवर. जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबाइल शाखेने काढली जेटफायर, आणि शेव्हरोले शाखेने कॉर्वेअर मॉन्झा स्पायडर. माझे मन जेटफायरपाशी घुटमळते. पण त्याआधी दुखणे काय ते सांगायला हवे.

सायकलचा पंप मारताना त्याचे तळ गरम होते, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. कोंबलेली हवा तापते. तापलेल्या हवेत मिसळलेले पेट्रोल ठिणगीची नीट वाट पाहत नाही. उरलेला भाग आपल्या आपण भडकतो, आणि पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावे तसा आवाज येतो. हा ठोका पिस्टनचा काळ. त्यावर उतारे बरेच आहेत: सिलिंडरातला मूळ दाब कमी ठेवा, ठिणगी थोडी उशिरा पाडा, पेट्रोल जरा सढळ सोडा, हवा वाटेत थंड करा. प्रत्येक उतारा काही ना काही घेऊन जातो.

कॉर्वेअरवाल्यांनी मूळ दाब नवास एक होता तो आठास एक केला आणि दीडशे अश्वशक्तीवर समाधान मानले. ओल्ड्समोबाइलवाल्यांना काही सोडायचे नव्हते. त्यांनी दाब सव्वादहास एक ठेवला आणि ठोका टाळायला पाणी व मिथिल अल्कोहोल यांचे मिश्रण हवेबरोबर थेंबथेंब सोडले. त्याला नाव दिले 'टर्बो-रॉकेट फ्लुइड'. साडेतीन लिटरचे, म्हणजे 215 घन इंचांचे इंजिन, आणि अश्वशक्तीही बरोबर 215. कागदावर दृष्ट लागावी असा हिशेब!

घोडे अडले ते बाटलीपाशी. मिश्रणाची बाटली गाडीच्या मालकाने भरायची होती. कंपनीने तीही खबरदारी घेतली होती; बाटली रिकामी झाली की फुंकणीचा जोर आपोआप कमी व्हावा अशी झडप होती. पण लोक बाटली भरायला विसरत, आणि मग गाडी मरगळली म्हणून तक्रार घेऊन येत. दोन वर्षांत दहा हजारांच्या आतच गाड्या निघाल्या. 1965 साली कंपनीने मालकांना बोलावून टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर फुकट बसवून द्यायला सुरुवात केली. कमी मागणारी धाकटी कॉर्वेअर टर्बोसह 1966 पर्यंत चालली. मला जेटफायरच्या कर्त्यांचा राग येत नाही. त्यांनी इंजिनाचा सगळा विचार केला होता. शनिवारी सकाळी कंटाळलेल्या गृहस्थाचा तेवढा राहिला.

पुढची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. बीएमडब्ल्यूची 2002 टर्बो 1973 साली आली ती नेमकी तेलटंचाईच्या तोंडावर. 1977 साली रेनोची पिवळी शर्यतीची गाडी सिल्व्हरस्टोनला उतरली. वाफा सोडत थांबणाऱ्या या गाडीला लोक पिवळी किटली म्हणू लागले. दोनच वर्षांनी, 1979च्या जुलैत, दिजाँला झाबुईने त्याच घराण्याच्या गाडीत फ्रेंच ग्रां प्री जिंकली. हसणाऱ्यांनीही मग आपापल्या किटल्या चुलीवर ठेवल्या.

हे सारे मी त्या पोराला सांगायला गेलो तो गणेशोत्सव उलटल्यावर. तो पायरीवर बसला होता. हातात पिस्टन, आणि पिस्टनच्या माथ्याला करंगळी जाईल एवढे भोक.

"ठिणगीची वेळ बदलली होतीस का?"

"राहिली, गुरुजी. एकदा जोर बघू म्हटलं, मग बदलू."

"अरे, खडे वाजले असतील की!"

तो खाली बघत म्हणाला, "रेडिओ चालू होता."

मग मी त्याला जेटफायरच्या बाटलीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ पिस्टनच्या भोकातून उजेड बघत राहिला. "बाटली नको," म्हणाला. "मीच विसरेन."

परवा पुन्हा गेलो. नवा पिस्टन बसला होता, सिलिंडरच्या डोक्याखाली जाड गॅस्केट घालून दाब उतरवला होता, ठिणगी मागे सरकवली होती. त्याने लांब पेचकस इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावली आणि पोऱ्याला गाडी चालू करायला सांगितले. मी आत डोकावलो. रेडिओची तार उपटून आरशाला गुंडाळलेली होती.